दगडातली पाणसळ

मेहकरच्या आमच्या नव्या घराचं काम ओट्यापर्यंत आलं होतं. अमरावतीला भूशास्त्र शिकणारा माझा मुलगा सुटीवर आला होता आणि दिवसभर डबराच्या ढिगात काहीतरी हुडकत होता. दिवेलागणीला तो एक पिवळट दगड ओंजळीत धरून घरात आला. दगड वीतभर लांब, दोन बोटं जाड, एका अंगाने तुटलेला. त्याच्या एका पाठीवर सुपारीएवढा फुगवटा होता, अर्धा बाहेर, अर्धा दगडात रुतलेला, आणि त्यावर पंख्यासारख्या उठावदार रेघा.

"आत्या, ब्रॅकिओपॉड!"

ताई मेथी निवडत होती. खामगावला तिने तीसेक वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. निवृत्त झाली तरी पेपर तपासायची नजर काही गेलेली नाही. तिने दगडाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कुठे सापडला?"

"विहिरीच्या मातीपाशी. आधी बघ तर खरं!"

"आधी कुठे ते सांग. विहिरीतून निघाला, की विहिरीच्या मातीपाशी पडला होता?"

"पाशी पडला होता म्हणजे आतूनच निघाला असणार. बाबा, तुमच्या लक्षात येतंय का? ब्रॅकिओपॉड फक्त समुद्रात असतात. म्हणजे बुलढाण्यात समुद्र होता!"

समुद्राचं जाऊ द्या, ब्रॅकिओपॉड हा शब्दच मी पहिल्यांदा ऐकत होतो. पुस्तकी मराठीत त्याला बाहुपाद म्हणतात म्हणे, म्हणजे हात हेच ज्याचे पाय. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अभ्यासकांनी कवचाच्या आत वळवून ठेवलेल्या दोन झालरी पाहिल्या आणि त्यावरच हा प्राणी चालत असेल असं धरलं. झालरी निघाल्या पाण्यातलं अन्न गाळायच्या. प्राणी तर मुळात चालतच नाही, एका देठाने तळाला चिकटून राहतो. चूक कळली, पण नाव बदललं नाही.

"शिंपलाच ना पण हा?" मी विचारलं.

दोघं एकदमच "नाही" म्हणाली. त्या रात्री त्यांचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

ताईने हात पुसले. "आईचा कैरी सोलायचा शिंपला आहे का रे अजून?"

होता. पैनगंगेतला, काळसर, दगडावर घासून मधोमध भोक पाडलेला. आमच्या पिढीने सोलाणं म्हणून हेच वापरलं. ताईने तो माझ्या हातात दिला. "हा एक झाला. याचा जोडीदार कसा असेल? नमस्काराला हात जोड. उजवा तळहात डाव्याची आरशातली प्रतिमा, बरोबर? पण एकच तळहात घेतलास तर तो दोन्हीकडून सारखा आहे का? एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला करंगळी. शिंपल्याचं तसंच. दोन शिंपा एकमेकींसारख्या, पण प्रत्येक शिंप स्वतःत वाकडी. ब्रॅकिओपॉडचं उलट. त्याच्या दोन शिंपा म्हणजे पोट आणि पाठ. पोट पाठीसारखं नसतं. एक शिंप मोठी, तिला चोच, चोचीला देठ बाहेर यायचं भोक. दुसरी लहान, झाकणासारखी. पण मधोमध रेघ मारलीस तर प्रत्येकीची डावी-उजवी बाजू सारखी, माणसाच्या चेहऱ्यासारखी."

"त्या चोचीतल्या भोकामुळेच इंग्रज त्याला दिव्याचा शिंपला म्हणतात," मुलगा म्हणाला. "जुन्या रोमन पणतीला वातीचं भोक असायचं, तसं दिसतं."

"मग इथे भोक दाखव."

खरी अडचण तिथेच होती. चोचीचं टोक दगडात होतं. दिसत होती ती एका शिंपेची पुढची कड, पंधराएक रेघा आणि मध्ये पन्हाळीसारखा एक खोलगट भाग. त्या पन्हाळीच्या एका बाजूची शिंप पूर्ण उघडी होती. दुसऱ्या बाजूच्या दोन रेघा दिसत होत्या, की पुढे दगड.

"हा र्‍हिंकोनेलिड आहे," मुलगा म्हणाला. "ब्रॅकिओपॉडांतलाच एक गट. कड बघ, करवतीसारखी दातेरी. दोन शिंपा नागमोडी रेषेत मिटल्यात."

"दातेरी कड कालवांनाही असते. जुरासिक काळातली काही कालवं तर अशी नागमोडी मिटायची की नवख्याला हमखास चकवतात. कड बघून नाव देऊ नको."

"म्हणूनच तर म्हणतो, बाहेर काढू. बाबांकडे बारीक छिन्नी आहे, माझ्याकडे सुई आहे. दोन तासांचं काम. चोच दिसली की वाद संपला."

"आणि छिन्नी चोचीवरून गेली तर?"

मग तिने पर्समधला आरसा काढला. मुलाच्या जन्माआधीपासूनचा असावा. पन्हाळीच्या मधोमध तो उभा धरला आणि मला म्हणाली, "इथून बघ." मी वाकून पाहिलं आणि खरंच थक्क झालो. दगडातून अर्धाच आलेला तो जीव आरशात पुरा झाला होता. दोन्हीकडे रेघा, मध्ये खळगा, नीट गोलसर. एक कपचीही न काढता ताईने त्याला दगडाबाहेर आणलं होतं.

"वा!" मी म्हणालो.

"वा काय, बाबा?" मुलगा चिडला. "आरसा कशावरही धरला तरी दोन बाजू सारख्याच दिसणार. आजीच्या कैरीच्या शिंपल्यावर धर, तोही ब्रॅकिओपॉड होईल! आत्या, तू जे सिद्ध करायचं तेच आधी गृहीत धरलंस."

ताईने शिंपल्यावर आरसा धरला. शिंपला झाला ब्रॅकिओपॉड. ती थोडा वेळ गप्प बसली. तीस वर्षं इतरांच्या उत्तरांवर लाल शाई फिरवणारी बाई हरली की फार छान दिसते, हे भाऊ म्हणूनच लिहितो.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "आरशाने जुळवून पाहायला दुसरी बाजू हवी. थोडी का होईना, पण खरी. किती हवी?"

"पन्हाळीच्या पलीकडे दोन रेघा आहेत. अजून तीन मिळाल्या तर पाचाला पाच मोजता येतील."

"तीनच. चोचीकडे जायचं नाही. आणि छिन्नी नाही, सुईच."

तो टेबलाजवळचा दिवा ओढून बसला. सुईने दगडाचं कणकण पीठ काढायचं, कुंचल्याने झटकायचं, पुन्हा सुई. ताई अधूनमधून मानेवरून डोकावायची. मध्येच मी लिंबू आणून दिलं. चुनखडक आंबटाने फसफसतो एवढं मलाही ठाऊक होतं. माझा उत्साह दोघांनी मिळून मोडून काढला. मुलगा म्हणाला की कवचसुद्धा त्याच चुन्याचं, त्यामुळे लिंबू दगडाआधी रेघाच खाईल. ताई म्हणाली की लिंबू मुळात साक्षीदार म्हणून कच्चं. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतसुद्धा कॅल्साइटचे स्फटिक असतात, तेही फसफसतात. लिंबू सरबतात गेलं.

रात्री साडेदहाला पन्हाळीपलीकडे पाचवी रेघ दिसली. ताईने कणकेचा गोळा मागवला, कुंचल्याने तेलाचा हात फिरवून तो उघड्या भागावर दाबला, अलगद काढला आणि ठशातल्या रेघा मोजल्या. इकडे पाच, तिकडे पाच. अंतरही सारखं. मग आरसा पुन्हा धरला. या वेळी आरशातली बाजू आणि खरी बाजू शेजारी शेजारी पाहता आली, आणि त्या जुळल्या. ब्रॅकिओपॉड. एवढं ताईनेही मान्य केलं. चोच अजून दगडातच होती.

पण वाद संपला नाही. उलट मोठा झाला, कारण आता समुद्र आला.

"आपण ज्यावर बसलोय तो बेसॉल्ट," ताई म्हणाली. "सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर बसले. अख्खा बुलढाणा त्यावर. उत्तरेला पूर्णेचा गाळ चढलाय एवढंच. लाव्ह्यात शिंपले कुठून येणार?"

"लाव्ह्यात नाही, दोन लाव्ह्यांच्या मध्ये. एक थर थंड झाला, त्यावर तळं साचलं, तळ्यात गोगलगायी झाल्या, झाडं पडली, आणि मग पुढचा लाव्हा त्यावर आला. विदर्भात असे जीवाश्म दीडशेहून जास्त वर्षांपासून सापडतायत. नागपूरचे रेव्हरंड हिस्लॉप यांनी टाकळीचे गोळा केले होते."

"गोड्या पाण्यातले, बाळा. तू आत्ताच म्हणालास, हा प्राणी फक्त समुद्रातला."

"छिंदवाड्याजवळ झिलमिलीला अशाच थरांत समुद्रातल्या सूक्ष्म जीवांची कवचं मिळाली. २००९ साली शोधनिबंध आला. समुद्राचा फाटा तिथवर पोचला असेल, तर इथे का नाही?"

हा मुद्दा ताईला नवा होता. तिने तो तपासून पाहायचं मनात ठेवलं, पण माघार नाही घेतली. "टाचणीच्या टोकाएवढे जीव फाट्याबरोबर येतील. हा सुपारीएवढा, देठाने तळाला चिकटून जगणारा, दातेरी कडेचा प्राणी यायला नीट, स्थिर समुद्र हवा. आणि तो हवा असेल तर बुलढाण्यात नको शोधू. नर्मदेच्या खोऱ्यात धार जिल्ह्यात बाघ आहे ना? तिथे बाघचे थर. लाव्ह्याच्याही आधीचा समुद्र तिथे शिरला होता. त्यात ब्रॅकिओपॉड आहेत."

"माहीत आहे. चिपळूणकर."

"कोण चिपळूणकर?" मी विचारलं. माझ्या डोक्यात आधी निबंधमालाकार आले.

प्राध्यापक ग. वा. चिपळूणकर. बाघच्या थरांतल्या र्‍हिंकोनेलिडांवर त्यांनी १९३८ साली निबंध लिहिला आणि मालविर्‍हिंकिया ही नवी प्रजाती मांडली. पुढे ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आज जिला आघारकर संशोधन संस्था म्हणतात तिथे, जीवाश्मांचं काम करत राहिले. बाघ इथून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या आसपास. मेहकरच्या माणसासाठी कुठलाही खरा ब्रॅकिओपॉड याहून जवळ असणं कठीण.

"नाव ऐकलंस?" ताई म्हणाली. "मालविर्‍हिंकिया. नावातच माळवा. कच्छमधल्या एका ब्रॅकिओपॉडचं नाव कच्छिथायरिस. या लोकांनी नावं देताना प्राण्याच्या गळ्यात गावाची पाटी बांधलीय. का? कारण कुठल्या थरातला, हे कळल्याशिवाय कोणाशी ताडून बघायचं तेच कळत नाही. आणि तू मला सांगतोस, विहिरीपाशी पडला होता."

"गाव माहीत असलं तरी नाव मिळत नाही," मुलगा म्हणाला. आता तो शांत झाला होता, आणि शांत झाला की तो चांगलं बोलतो. "आत्या, र्‍हिंकोनेलिड बाहेरून फार सारखे दिसतात. वेगवेगळ्या काळातले, वेगवेगळ्या घराण्यांतले, पण रेघा त्याच, कड तीच. खरं वेगळेपण आत. दोन शिंपा जिथे अडकतात तिथले दात, खाचा, आतले पडदे. ते बघायचे तर एकच जुना रस्ता आहे. चोचीकडून दगडावर घासत जायचं, मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं. थांबायचं, दिसेल त्याचं चित्र काढायचं. पुन्हा तेवढंच घासायचं, पुन्हा चित्र. शेवटी हातात चित्रांची चळत राहते."

"आणि शिंपला?"

"शिंपला संपतो."

मेथीच्या काड्या अजून टेबलावर होत्या. एवढी शांतता त्या घरात प्लास्टर सुरू झाल्यापासून नव्हती.

"म्हणजे तू त्याला नाव देणार, आणि ज्याला नाव दिलं तोच राहणार नाही," ताई म्हणाली.

"आता सीटी स्कॅन करून न घासताही बघतात. पण कवचही चुन्याचं, आतला दगडही चुन्याचा, तेव्हा पडदे धूसर येतात. घासणं अजून सुटलेलं नाही."

"आजीच्या देवघरातला शालिग्राम आठवतो? गंडकीतला. तोही जीवाश्मच, अमोनाइट. त्याच्या तोंडातून आतलं चक्र जरासं दिसायचं. तू लहान असताना विचारलं होतंस, फोडून बघू का. आजी काय म्हणाली होती?"

"धपाटा दिला होता."

"त्यातसुद्धा शास्त्र होतं."

"त्यात धपाटा होता," मुलगा म्हणाला. "आत्या, लोणारचं बघ. इथून पाऊण तासावर आहे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. तेव्हापासून लोक काठावर उभे राहून बघत होते, आणि बहुतेकांचं मत काय? ज्वालामुखी. गोल आहे, सगळीकडे बेसॉल्ट आहे, मग दुसरं काय असणार? १९७३ साली उत्तर मिळालं ते कशातून? तळाखाली भोकं पाडून काढलेल्या नमुन्यांतून. त्यात आघाताच्या दाबाने काच झालेलं खनिज सापडलं, जे ज्वालामुखीत होत नाही. दीडशे वर्षं वरून बघून जे कळलं नाही ते आत गेल्यावर कळलं."

"भोकं पाडली म्हणून लोणार संपलं नाही. पावणेदोन किलोमीटरचं विवर आहे ते. तुझी सुपारी आहे, एकच. आणि उत्तर मिळालं म्हणतोस, तर वय किती? मी शिकवत होते तेव्हा बावन्न हजार वर्षं. आता पाच लाख सत्तर हजार म्हणतात. माझ्या विद्यार्थ्यांना आता पोस्टकार्ड टाकू? लोणार जागेवर आहे म्हणून पुन्हा मोजता आलं. घासून संपवलं असतं तर बावन्न हजारच राहिलं असतं."

प्रामाणिकपणे सांगतो, त्या रात्री मी दर पाच मिनिटांनी बाजू बदलत होतो. मुलगा बोलला की वाटायचं, अर्धवट माहीत असण्यापेक्षा पूर्ण माहीत असलेलं बरं. ताई बोलली की वाटायचं, पुढच्या कुणीतरी आपल्याहून हुशार माणसाने तपासायला काहीतरी उरलं पाहिजे. शेवटी मी दोघांना झोपायला सांगितलं. घरमालकाकडे एवढाच अधिकार असतो.

सकाळी आठला फरशीचा मिस्त्री आला. चहा घेताना टेबलावरचा दगड त्याने उचलला, उलटा-पालटा केला आणि म्हणाला, "हे कोनं फेकलं व्हतं? आपल्याच फरशीचं टोक हाय. तुळशीच्या ओट्याची. परवा उतरवतानी कोपरा मोडला."

मुलाने कप खाली ठेवला.

तुळशी वृंदावनाच्या तळाला पिवळी फरशी हवी हा माझ्या बायकोचा हट्ट. दुकानदाराने दाखवली ती जैसलमेरची, पॉलिश न मारलेली, दोन्ही अंगांनी खडबडीत. त्या दिवशी त्या फरशीचा मोडका कोपरा डबरात फेकला गेला, आणि डबराचा ढीग विहिरीच्या मातीला लागूनच होता. झालं. माझ्या जिल्ह्यातला समुद्र एका चहात आटला.

जैसलमेरचा तो पिवळा चुनखडक जुरासिक समुद्रातला, सुमारे सोळा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात ब्रॅकिओपॉड निघणं अगदी स्वाभाविक. सरळ रेषेत मोजलं तरी नऊशेहून जास्त किलोमीटर लांबून ट्रकने येऊन तो आमच्या अंगणात पडला होता. ताईच्या विजयी मुद्रेची मी वाट पाहत होतो. पण ती घरभर फिरून फरश्या बघत सुटली. बाहेरच्या पडवीला शहाबादी, स्वयंपाकाच्या ओट्याला कडप्पा, मधल्या खोलीत कोटा.

"गंमत बघ," ती मला म्हणाली. "या तिन्ही फरश्या शिंपल्यांच्याही आधीच्या. शहाबाद घे, कडप्पा घे, कोटा घे, कवचाचे प्राणी जन्माला यायच्या आतले दगड. त्यांत आयुष्यभर शोधलंस तरी असा शिंपला निघणार नाही. म्हणजे तुझ्या घरात सगळ्यात तरुण दगड कोणता? पायातला काळा. थरांचा नियम असा की जुनं खाली, नवं वर. गवंड्याने तुझं अख्खं घर उलटं बांधलंय."

मुलगा मात्र हिरमुसून बाहेर गेला होता. थोड्या वेळाने त्याची हाक आली. मिस्त्रीने आदल्या दिवशी कटर मारून फरशीच्या दोन कडा सरळ केल्या होत्या. तो उकिडवा बसून त्या ताज्या कापाकडे बघत होता, एक गाल जवळजवळ फरशीला टेकवून.

"आत्या, मला घासायची गरजच नाही. मिस्त्रीकाकांनी घासून दिलंय."

कापात एक ब्रॅकिओपॉड सापडला होता. पात्याने त्याला बरोब्बर आडवा चिरला होता. दोन शिंपांच्या दोन पातळ कमानी, अजून घट्ट मिटलेल्या. ताईने सांगितलं की मिटलेलं राहणं हेसुद्धा त्याच्या ओळखीतच धरायचं. कोकणात तिसऱ्या शिजल्या की आपोआप उघडतात, कारण शिंपल्याच्या बिजागरीला ताणणारी पट्टी असते आणि आतला स्नायू सुटला की ती शिंपा फाकवते. ब्रॅकिओपॉडला ती पट्टी नाही. उघडायलाही स्नायूच लागतो. मेला की बहुतेक वेळा मिटूनच राहतो.

पण मुलगा दाखवत होता ते वेगळंच. कमानींच्या आतली पोकळी दोन रंगांत भरली होती. एक अर्धा भाग फरशीसारखाच पिवळा, दुसरा अर्धा पांढरा, साखरेसारखा चमकणारा. दोघांमधली रेघ अगदी सरळ.

"प्राणी मेला, रिकामा डबा समुद्राच्या तळाशी पडला. फटीतून बारीक गाळ आत शिरला आणि तळाशी बसला, पूर्ण भरला नाही. वर रिकामी जागा राहिली. नंतर हजारो वर्षांनी खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने त्या रिकाम्या जागेत कॅल्साइटचे स्फटिक भरले. गाळ खाली, स्फटिक वर. मधली रेघ म्हणजे तेव्हाची आडवी पातळी. समुद्राचा तळ कुठे होता, आभाळ कुठे होतं, सगळं यात आहे."

मिस्त्री वाकून बघत होता. "म्हंजे पाणसळच की."

मुलाला तो शब्द माहीत नव्हता. मिस्त्रीने आपली लेव्हलची पट्टी दाखवली, काचेच्या नळीतला हिरवा बुडबुडा. "याले आमचे म्हातारे पाणसळ म्हनत. खाली पानी, वर बुडबुडा. तुमच्या शिंपल्यात पानी गोठलं अन् बुडबुडा बी गोठला."

त्याहून नेमकी व्याख्या मी पुस्तकात वाचलेली नाही. ताई काही बोलली नाही. पण आदल्या रात्री ज्यासाठी ती भांडत होती आणि जे तिलाही नीट सांगता आलं नव्हतं, ते तिला मिळालं होतं. छिन्नीने मोकळा केलेला स्वच्छ, सुटा शिंपला पेटीत छान दिसतो. पण त्याच्या पोटातली ही रेघ कशाच्या मानाने आडवी, हे सांगायला भोवतीचा दगड लागतो. तो काढून टाकला की पाणसळ राहते, भिंत जाते. आणि मुलालाही त्याचं मिळालं होतं. वरून कितीही कणीक दाबली असती तरी ही रेघ दिसली नसती. कापावंच लागलं. मला वाटलं आता दोघं भांडण मिटवतील. पण मिस्त्रीने नवीन भांडण काढलं.

"मंग सांगा, फरशी कोन्त्या अंगानं लावू? दोन्ही अंगं सारखीच हायेत. तुमच्या पाणसळीनं पाहिलं तं म्या काल उलटी ठेवली व्हती."

खरंच उलटी होती. आता हे कळल्यावर तिला तशीच लावणं तिघांनाही जमेना. सोळा कोटी वर्षांपूर्वी जी बाजू वर होती तीच वर करायची ठरली. मग मुलाच्या लक्षात आलं. मोडका कोपरा त्याने फरशीला जुळवून पाहिला. तुटलेली कड कडेला बसली, चपखल. म्हणजे कोपरा चिकटवून पूर्ण फरशी लावता आली असती. पण बुडबुडा वर करून फरशी ठेवली की सुपारीएवढा तो शिंपला नेमका खालच्या अंगाला जात होता, सिमेंटच्या मालात.

"मग उलटीच लावा," मुलगा म्हणाला.

"आता का? रात्रभर म्हणत होतास बाहेर काढू, घासू, संपवू," ताई म्हणाली. "सिमेंटमध्ये गेला तर काय बिघडलं? टिकेल तरी."

"तू म्हणत होतीस दगडात राहू दे. आता म्हणतेस सिमेंटमध्ये जाऊ दे?"

"सिमेंटही दगडच आहे आजकालचा," ताई म्हणाली, आणि मग तिलाच हसू आलं.

कोपरा बाहेर ठेवायचा ठरला. फरशी सरळ अंगाने लागली, आणि मोडक्या जागी मिस्त्रीने कडप्प्याचा काळा त्रिकोण कापून बसवला. बायको म्हणते नजर लागू नये म्हणून केलं असं लोकांना सांगू.

कोपरा माझ्या टेबलावर आहे. मुलाने त्याच्या बाजूवर पेन्सिलीने बाण काढला, कापातल्या पाणसळीच्या दिशेने, टोक वर. मग चिठ्ठी लिहायला बसला. पहिल्यांदा लिहिलं, "ठिकाण: मेहकर". ताईने खोडायला लावलं. "जैसलमेर" लिहिलं, तेही खोडायला लावलं. खाण कुठली ते कोणाला ठाऊक आहे? शेवटी चिठ्ठीवर आलं ते असं: "मेहकर येथे बांधकामाच्या फरशीत मिळाला. फरशी जैसलमेरची म्हणून विकत घेतलेली. वरची दिशा त्याच फरशीच्या कापावरून." नावाच्या जागी मुलाने र्‍हिंकोनेलिड एवढंच लिहिलं आणि पुढे दीड इंच जागा मोकळी सोडली. तो कोपरा विभागात नेणार आहे. घासणार का, हे अजून त्याने सांगितलेलं नाही, आणि ताईने विचारलेलंही नाही. ती फोनवर मला विचारते.

संध्याकाळी मिस्त्री हिशेबाला आला तेव्हा दगड टेबलावर आडवा पडला होता. त्याने बाण बघितला, दगड फिरवून बाणाचं टोक वर केलं, सवयीने आपली पट्टी त्यावर ठेवली, बुडबुडा पाहिला आणि एका बाजूखाली काडेपेटीचा पुठ्ठा दुमडून सारला.